मनाचे कोडे आणि दोन औषधे

‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर कोणी दाखवून दिले तर त्याला मी खुशाल फराळाचे ताट बक्षीस देईन. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला आपण ते सांगतो, माहेरच्या आठवणीने झुरणाऱ्या सुनेला सांगतो, आणि वरवर पाहता कशाचीच ददात नसताना महिनोन्‌महिने भिंतीकडे पाहत बसलेल्या माणसालाही तेच सांगतो. पहिल्या दोघांना त्याचा थोडाफार आधार वाटतो. तिसऱ्याला वाटत नाही. उलट मन ही जणू मुठीतली वस्तू आहे आणि ती आपल्याला आवळून धरता येत नाही हा आपलाच नाकर्तेपणा, अशी एक नवी बोच त्याच्या दुःखात भर घालते.

या तिसऱ्या माणसाच्या शरीरात काय घडत असते याचा माग गेल्या शंभर वर्षांत थोडाथोडा लागत गेला. मौज अशी की, तो काढणाऱ्यांपैकी बहुतेकजण मनाच्या शोधाला निघालेच नव्हते. कोणी यकृताचा अभ्यास करीत होते, कोणी क्षयाचे औषध शोधीत होते, आणि मुंबईचा एक डॉक्टर रक्तदाबाशी झुंजत होता. या सर्वांच्या वाटा जेथे एकत्र आल्या तेथवरची ही हकीकत आहे.

आरंभ १९२८ साली इंग्लंडातील केंब्रिज येथे झाला. मेरी हेअर नावाची एक तरुण विद्यार्थिनी यकृतातील एका नव्या एन्झाइमाचा शोध घेत होती. एन्झाइमाला मराठी शास्त्रग्रंथांत ‘विकर’ असे नाव आहे, पण नावापेक्षा त्याचे काम समजणे सोपे. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन बराच वेळ चावला की तो गोड लागू लागतो. पिठाची साखर करणारे एक द्रव्य आपल्या लाळेत असते, ते हा चमत्कार करते, आणि स्वतः मात्र खर्ची न पडता पुढच्या घासाला तयार राहते. अशी हजारो द्रव्ये आपल्या शरीरात अहोरात्र राबत असतात. कोणी जोडतो, कोणी तोडतो; ज्याचे काम त्याने करावे, दुसऱ्याच्या कामात हात घालू नये, अशी तेथली शिस्त असते.

मेरी हेअरला सापडलेले एन्झाइम ‘टायरामीन’ नावाच्या द्रव्याची वासलात लावीत असे. टायरामीन हे नाव चीजला असलेल्या ग्रीक शब्दावरून पडले आहे, कारण ते मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असते. वाचकांनी हे चीज ध्यानात ठेवावे. पुढे ते भलत्याच वेळी परत येणार आहे. १९३७ साली केंब्रिजमध्येच, नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेले ब्लाश्को आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, हेच एन्झाइम अॅड्रिनलीनचाही निकाल लावते. पुढच्या वर्षी त्सेलर या शास्त्रज्ञाने त्याला ‘मोनोअमाइन ऑक्सिडेज’ असे लांबलचक नाव दिले. आपण त्याला येथे नुसते ‘झाडूवाले एन्झाइम’ म्हणू.

अॅड्रिनलीन म्हणजे संकटकाळचे द्रव्य. वाटेत साप आडवा आला की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पायांत कोठून बळ येते कोण जाणे! मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथी रक्तात अॅड्रिनलीन सोडतात म्हणून हे होते, असे अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडले होते. १९३६ साली माँट्रिआल येथील हान्स सेल्ये यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. थंडी असो, जखम असो, विष असो, संकट कोणत्याही प्रकारचे असले तरी त्यांच्या उंदरांची शरीरे ठराविक एकाच रीतीने झिजत होती. आज ज्याला आपण सर्रास ‘स्ट्रेस’ म्हणतो, त्याच्या शास्त्राचा पाया तो.

मात्र हे सारे मेंदूखालच्या शरीराचे. मेंदूतल्या मज्जापेशी परस्परांना निरोप कसे पोचवितात, याविषयी त्या काळी वादच होता. दोन पेशींच्या टोकांमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. ती फट विजेच्या ठिणगीने ओलांडली जाते की द्रव्याच्या थेंबाने, हा तो वाद. हळूहळू द्रव्याचा पक्ष जिंकला. १९४६ साली नॉरअॅड्रिनलीन हे निरोप्याचे काम करते असे स्वीडनमध्ये फॉन ऑयलर यांनी दाखविले; १९४८ साली रक्तातून सेरोटोनिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५३ साली बेटी ट्वारोग व अर्विन पेज यांना ते मेंदूतही आढळले.

आता निरोप पोचला म्हणजे काम संपले असे नाही. आमच्या शाळेत तास संपला की घंटा होते. ती एकदा वाजून थांबते म्हणून तिला अर्थ आहे. दिवसभर घणघणत राहिली असती तर मधली सुट्टी कोणती आणि शाळा सुटली कधी, हे कोणाला कळले असते? निरोप देणारे द्रव्यही काम होताच दूर व्हावे लागते. मेंदूत त्यातला काही भाग झाडून काढतो तो आपला यकृतातला जुना ओळखीचा, झाडूवाले एन्झाइम. पण याचा माणसाच्या हसण्यारडण्याशी काही संबंध असेल, ही कल्पना कोणाला नव्हती.

ती आली क्षयाच्या रुग्णालयातून. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचे मोठे क्षय-रुग्णालय १९१३ पासून होते. संसर्गाच्या भीतीने गोऱ्या परिचारिका सोडून जाऊ लागल्या, तेव्हा कृष्णवर्णी परिचारिकांनी ते चालविले. १९५२ च्या आरंभी तेथील डॉक्टर रोबिट्झेक आणि सेलिकॉफ यांनी हॉफमन-ला रोश कंपनीची दोन नवी औषधे रोग्यांना देऊन पाहिल्याची वार्ता जगभर पसरली. एक आयसोनायझिड, दुसरे त्याचेच भावंड इप्रोनायझिड. ज्यांची आशा सोडली होती असे रोगी उठून बसले, मागून मागून जेवू लागले, त्यांची वजने वाढली. वर्तमानपत्रांत रुग्णालयातल्या नाचणाऱ्या रोग्यांची छायाचित्रे झळकली.

मरणाच्या दारातून परत आलेला माणूस नाचेल नाही तर काय करील? पण डॉक्टरांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. इप्रोनायझिड घेणाऱ्यांचा उत्साह प्रकृतीच्या सुधारणेच्या मानाने जरा जास्तच होता. फुप्फुसे अजून पोखरलेली, पण चित्तवृत्ती उल्हसित. त्यांना झोप कमी लागे, बोलणे वाढे. याची नोंद औषधाचा एक त्रासदायक उपपरिणाम अशी झाली आणि क्षयावर आयसोनायझिडच अधिक सोयीचे ठरले. आजही क्षयाच्या पहिल्या फळीतल्या औषधांत ते आहे. भावंडाची मात्र पीछेहाट झाली. त्याच १९५२ साली त्सेलर यांनी, म्हणजे ज्यांनी एन्झाइमाचे बारसे केले त्यांनीच, दाखवून दिले की इप्रोनायझिड झाडूवाल्या एन्झाइमाचे हात बांधून ठेवते. एकीकडे रोगी नाचत होते, दुसरीकडे परीक्षानळीत एन्झाइम थांबत होते, आणि या दोन गोष्टींची सांगड घालणारा कोणी नव्हता.

ती सांगड घालायला आपली सर्पगंधा कारणी लागली. ही वनस्पती आयुर्वेदाला फार जुन्या काळापासून ठाऊक. बिहारकडे तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असे लिहिले. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले ते मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्यामुळे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या पारशी हृदयरोगतज्ज्ञाने रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचा पद्धतशीर प्रयोग केला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते वाचून बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती मुळी तपासली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले मुख्य सत्त्व वेगळे काढून त्याला ‘रिसर्पिन’ म्हटले. न्यूयॉर्क राज्यातील रॉकलंड मनोरुग्णालयाचे डॉ. नेथन क्लाइन यांनी तेथील रोग्यांना सर्पगंधा देऊन १९५४ साली तिची शांतवण्याची शक्ती जाहीर केली. १९५७ सालच्या अमेरिकेतील लास्कर पुरस्काराच्या यादीत मुंबईचे वकील आणि न्यूयॉर्कचे क्लाइन ही दोन्ही नावे बरोबरीने आहेत.

परंतु मुळीला दुसरीही बाजू होती. रिसर्पिन मोठ्या मात्रेने दीर्घकाळ घेणारे रक्तदाबाचे काही रोगी खोल खिन्नतेत बुडतात, असे एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ साली नोंदविले. लगेच दुसऱ्या वर्षी लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांना नेमके उलटे, म्हणजे चिंताग्रस्त व खिन्न रोग्यांना त्याच औषधाने बरे वाटल्याचे आढळले. मानवी मन इतके सरळ नव्हते! मात्र प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक गोष्ट स्पष्ट झाली. अमेरिकेतील बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने १९५५ साली दाखविले की, रिसर्पिनमुळे पेशींतला सेरोटोनिनचा साठा सांडून जातो. रिसर्पिन दिलेला प्राणी मलूल होऊन पडे.

मग कोणीतरी दोन्ही औषधे एकापाठोपाठ द्यायचे ठरविले. आधी इप्रोनायझिड, म्हणजे झाडूवाल्याचे हात बांधले. मग रिसर्पिन, म्हणजे कोठाराची दारे उघडली. प्राणी मलूल होण्याऐवजी तरतरीत झाला! कोठारातून सांडलेला माल झाडला न गेल्यामुळे तेथेच कामी आला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ही वार्ता कळताच क्लाइन यांच्या ध्यानात आले की, हे औषध खिन्न माणसाला का देऊन पाहू नये? त्यांनी आणि लूमर व सॉन्डर्स या सहकाऱ्यांनी तसे करून एप्रिल १९५७ मध्ये फळ जाहीर केले. कित्येक वर्षे मूक बसलेल्यांपैकी काहींनी मान वर करून माणसांकडे पाहिले होते. औषध क्षयासाठी बाजारात होतेच. वर्षभरात चार लाखांवर खिन्न रोग्यांना ते दिले गेले. पुढे या श्रेयाचा वाद कोर्टापर्यंत गेला, पण तो भाग मी सोडून देतो. यशाला बाप पुष्कळ असतात, ही गोष्ट काही नवी नव्हे.

मात्र यशाबरोबर किंमतही आली. इप्रोनायझिडने काहींना जीवघेणी कावीळ झाली आणि १९६१ साली अमेरिकेत ते मागे घ्यावे लागले. त्याच जातीच्या दुसऱ्या औषधांमुळे काही रोग्यांची डोकी अकस्मात भयंकर दुखू लागली; एखाददुसरा मेंदूत रक्तस्राव होऊन दगावला. कारण कोणालाच सापडेना. नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याची पत्नी असे औषध घेत असे. चीज खाल्ले की तिला हा त्रास होतो, असे त्याने पत्राने कळविले. आरंभी डॉक्टरांना ही गंमत वाटली. पण लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टराने पिच्छा पुरवून १९६३ साली ते सिद्ध केले. मेरी हेअरचे टायरामीन ते हेच! एरवी पोटातले आणि यकृतातले एन्झाइम चीजमधल्या टायरामीनचा तेथल्या तेथे फडशा पाडते. त्याचे हात बांधले की टायरामीन रक्तात शिरून रक्तदाब एकदम चढविते. मनाचे औषध ताटातल्या पदार्थाशी भांडले, कारण मन आणि पोट यांच्या चाकरीला एकच एन्झाइम होते.

येथे ज्यूलियस अॅक्सेलरॉड या विलक्षण माणसाची ओळख करून दिली पाहिजे. न्यूयॉर्कमधल्या एका गरीब बुरुडाचा हा मुलगा. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, म्हणून तो अन्नातली जीवनसत्त्वे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीस लागला. तेथे अमोनियाची बाटली फुटून त्याचा एक डोळा गेला. त्रेचाळिसाव्या वर्षी, १९५५ साली, त्याला डॉक्टरेट मिळाली. आणि १९७० साली नोबेल पारितोषिक! मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे चरित्र मुलांना सांगताना विशेष आनंद होतो. अॅक्सेलरॉड यांनी निरोप्या द्रव्यांचा निकाल लावणारे दुसरे एक एन्झाइम शोधले. शिवाय १९६१ साली त्यांनी दाखविले की, मज्जापेशी सोडलेले बरेचसे द्रव्य झाडूवाल्याची वाट न पाहता स्वतःच परत शोषून घेते, आणि खिन्नतेवरची इमिप्रामीनसारखी औषधे हे शोषणच अडवितात. आज डॉक्टर बहुधा ज्या गोळ्या देतात, त्या याच वाटेने निघालेल्या आहेत.

पण माझ्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोलाचे काम वेगळेच आहे. नॉरअॅड्रिनलीनचे अॅड्रिनलीन करणारे एन्झाइम त्यांनी १९६२ मध्ये शोधले. ग्रंथीच्या गाभ्यात हे एन्झाइम असते, आणि गाभ्याभोवतीची साल दीर्घ ताणाच्या वेळी कॉर्टिसोलसारखे स्राव सोडते. अॅक्सेलरॉड आणि वुर्टमन यांनी दाखविले की, सालीचा स्राव गाभ्यातल्या एन्झाइमाला वाढीस लावतो. १९७० साली क्वेतन्यान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दिवसामागून दिवस जखडून ठेवले. तेव्हा अॅड्रिनलीनच्या वाटेवरची एन्झाइमे त्यांच्या ग्रंथींत वाढलेली आढळली. म्हणजे एन्झाइमे मनाला घडवितात हे जितके खरे, तितकेच भोगलेले दिवस एन्झाइमांना घडवितात हेही खरे.

त्यापुढचे संशोधन पेशीच्या फटीवरून पेशीच्या पोटात गेले. दारावर आलेला निरोप आत पोचविणारी, आतल्या यंत्रणेची कळ फिरविणारी एन्झाइमे सापडली. अर्ल सदरलंड यांना १९७१ साली आणि पॉल ग्रीनगार्ड यांना २००० साली त्या मार्गावरील कार्यासाठी नोबेल मिळाले. गोळी काही तासांत फटीतले द्रव्य वाढविते, तरी माणसाला बरे वाटायला काही आठवडे का लागतात, या कोड्याची उकल तेथे शोधली जात आहे. आतली घडी नव्याने बसायला वेळ लागतो. म्हणून चार दिवसांत गुण नाही असे म्हणून गोळ्या फेकणे, किंवा जरा बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता त्या बंद करणे, दोन्ही अयोग्य.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी झाले की खिन्नता’ असे सोपे समीकरण मांडण्याचा मोह मात्र आवरावा. २००६ साली टोरांटो येथे मायर आणि सहकाऱ्यांना खिन्न रोग्यांच्या मेंदूत झाडूवाले एन्झाइम सरासरी ३४ टक्के अधिक आढळले; तर २०२२ साली जुन्या संशोधनाचा मोठा आढावा घेणाऱ्यांना सेरोटोनिनच्या कमतरतेचा भक्कम पुरावा दिसला नाही. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जात आहे. त्यांच्यातील मुलग्यांविषयी २००२ साली असे प्रसिद्ध झाले की, ज्यांचे हे एन्झाइम जन्मतः मंद आणि ज्यांचे बालपण छळात गेले, ते पुढे हिंसक वळणावर जाण्याचा संभव अधिक. एन्झाइम मंद, पण घर मायेचे, तर तसे नाही. पुढच्या तपासण्यांत हा संबंध कोठे दिसला, कोठे धूसर झाला. पण प्रश्न योग्य जागी आला होता.

आम्हां कादंबरीकारांची एक सवय असते. पात्र रडले की आम्ही त्याच्यासाठी कारण हुडकतो: प्रेमभंग, कर्ज, सासुरवास. कारण नसलेले दुःख वाचकाला पटत नाही म्हणून आम्ही ते लिहीत नाही. आयुष्य मात्र तसले दुःख लिहिते. वाकल्या मानेने भिंतीकडे पाहणाऱ्या माणसाचे कारण कधी जन्माबरोबर आलेले असते, कधी विसरून गेलेल्या बालपणात असते, आणि बहुधा दोन्ही एकमेकांत विणलेले असते. त्याला ते सांगता येत नाही, याचा अर्थ ते नाही असा होत नाही.

तेव्हा या दिवाळीत घरातले एखादे माणूस फराळाला बसले नाही, दिव्यांकडे पाहून त्याचा चेहरा उजळला नाही, तर ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढे सांगून आपण मोकळे होऊ नये. मधुमेहाच्या रोग्याला ‘साखर अंगाला लावून घेऊ नकोस’ असे आपण सांगत नाही. त्याला डॉक्टरकडे नेतो आणि घरातला चहाही बदलतो. खिन्न माणसालाही डॉक्टर हवा आणि बदललेले घरही हवे. उंदराला जखडल्याने जे एन्झाइम वाढते, ते माणसाला बोलून बोलून जखडल्याने वाढत नसेल, असे मानायला मी तयार नाही. त्याच्याजवळ नुसते बसावे, त्याच्या वाटणीची एक पणती आपण लावावी, आणि उद्या दवाखान्यात सोबत येतो म्हणावे. एवढे आपल्या हाती आहे.